जिना चढून येणाऱ्या विहीणबाईंना

शोभाताई,

परवा तुमची तेरवी झाली. वांग्याची भाजी सपक झाली होती. आचाऱ्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, घरात दुःख आहे, तिखट बेतानं घाल. पहिला घास घेतला आणि निखिलनं माझ्याकडे पाहिलं, मी निखिलकडे. दोघांच्या मनात एकच आलं. तुम्ही असतात तर पदर खोचून आत गेला असतात, आचाऱ्याला बाजूला उभं करून कढई ताब्यात घेतली असती आणि पंगत तोवर तशीच बसवून ठेवली असती. तुमचा मुलगा हसला आणि त्याच्या मागोमाग मीही हसले. दोन-चार माना आमच्याकडे वळल्या. वळू द्या.

तुमची आठवण काढायला बसलं की आधी हसू येतं आणि रडू त्याच्या मागून. हे लिहितानाही क्रम तोच राहणार, असं दिसतंय.

आपली सुरुवात मात्र रुसव्यानं झाली, आणि तो रुसवा तुम्हाला पुष्कळ दिवस माहीतही नव्हता. मुलांनी आपापलं जमवलं होतं, माझी रश्मी आणि तुमचा निखिल. मी कुहीकडच्या, धान पिकवणाऱ्या घरातली, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली. तुम्ही उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या, लग्न होऊन गणेशनगरला आलेल्या, मनोहररावांच्या साडीच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवणाऱ्या. लग्न झालं आणि रीतीप्रमाणे मी तुम्हा सगळ्यांना नंदनवनला माझ्या घरी जेवायला बोलावलं. सकाळपासून पुरण घाटलं. दुपारी गाडी आली. मनोहरराव वर आले, मुलं वर आली आणि तुम्ही गाडीतच बसून राहिलात. "आईला जरा बरं नाही, तिचं ताट खालीच देऊ," निखिल म्हणाला. मी ताट घेऊन दोन मजले उतरले. बिल्डिंगमधले लोक खिडक्यांतून बघत होते. तुम्ही काच खाली केली, ताट घेतलं आणि म्हणालात, "लय तरास दिला तुमाले." गाडीतला एसी सुरू होता, तरी तुमच्या कपाळावरून घाम गळत होता. तो मी पाहिला. पण डोक्यात बसलं ते वेगळंच: मुलाची आई आहे, मुलीच्या आईचा जिना चढणार नाही.

पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही माझ्या घरी आलात, पण फाटकापर्यंतच. कधी घाई होती, कधी दुकानात माणूस नव्हतं. मीही मग वर चला म्हणणं सोडून दिलं.

मग एक दिवस रश्मीनं सांगितलं, सासूबाईंचं वजनाचं ऑपरेशन ठरलं. मी दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले ती कर्तव्य म्हणून, हातात शहाळं घेऊन. तुम्ही पलंगावर बसला होतात आणि मनोहरराव खिडकीशी, आपल्याकडे पाठ करून उभे होते. त्यांना हे ऑपरेशन मंजूर नव्हतं. "चांगल्या पोटावर सुरी कायले चालवता?" असं ते त्या दिवशीही म्हणाले. मनोहरराव म्हणजे देवमाणूस. तुम्हाला वाकता येत नाही म्हणून रोज सकाळी तुमच्या पायात चप्पल घालून देणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्ही त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणालात, "तुमी जनमभर माह्या पायात चप्पल घालून देसान. पन ते घालून मी जाऊ कुठी, ते तं सांगा." त्या क्षणी मला तुम्ही पहिल्यांदा आवडलात.

डॉक्टरांनी तुम्हाला सगळं नीट समजावलं होतं. जठराचा मोठा भाग काढला की भूक कमी होईल, वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल. पण उतरणाऱ्या वजनाबरोबर अंगातलं बळही उतरतं, आणि उतरलेलं वजन पुन्हा चढायला वाट शोधत असतं. तेव्हा ऑपरेशन आमचं, हालचाल तुमची. तुम्ही हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचात, जसं काही ते डॉक्टरांनी नाही, तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं होतं.

पहिलं वर्ष म्हणजे दिवाळी होती. छोट्या वाटीत वरणाचं पाणी, चमच्या-चमच्यानं. मग मऊ भात, मग अंड्याचा पांढरा भाग. घरातल्या घरात फेऱ्या. बांगड्या मनगटावरून घसरू लागल्या, ब्लाउज पुन्हा पुन्हा उसवून शिवावे लागले, केस गळाले तेव्हा मात्र तुम्ही घाबरलात आणि मग तेही परत आले. नातेवाईक तुम्हाला बघायला येत. जो येईल तो कौतुक करून जाई.

दुसऱ्या वर्षी कौतुक करणारे यायचे बंद झाले. ते वर्ष फार अवघड गेलं तुम्हाला, हे मला रश्मीकडून कळत होतं. भूक हळूहळू परत येत होती. तुम्ही जिमला नाव घातलंत, तिथे मोठ्यानं गाणी लावत आणि आरशासमोर दंड फुगवणारी पोरं तुम्हाला काकू काकू करत मशीनवरून उतरायला मदत करत. तुम्ही आठवडाभरात परत आलात. योगाच्या वर्गात बाकीच्या बायका जमिनीवरून टुणकन उठत आणि तुम्ही भिंत शोधायचात. तोही सोडलात. बागेत एकटीनं चकरा मारून पाहिल्या. "मले चालाचा कंटाळा येते वं," तुम्ही रश्मीला सांगितलंत, "एकाच झाडाले कितीदा पाहू?" वजनाचा काटा पुन्हा थोडा वर सरकला आणि तुम्ही तपासणीला जायचंच बंद केलंत. दुकानात पुन्हा गादीवर. मनोहरराव पुन्हा पायाशी चप्पल आणून ठेवू लागले. त्यांनी ते प्रेमानंच केलं, पण तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत म्हणे.

मग ती पल्लवी भेटली. गुडघ्यांसाठी तुम्हाला निखिल जिच्याकडे घेऊन गेला ती फिजिओथेरपिस्ट, रश्मीच्याच वयाची. तिनं तुमचं वजन विचारलं नाही. तिनं विचारलं, "काकू, रोज न चुकता करता अशी कोणती गोष्ट आहे?"

"चहा पितो ना."

"अजून?"

"गप्पा. त्या तं झोपीतबी सुरू राहतात."

"मग उद्यापासून घरी चहा करायचा नाही. चहा आणि गप्पा जिथे मिळतील तिथे पायी जायचं."

त्या संध्याकाळी मला तुमचा फोन आला. "इहीनबाई, उद्यापासून माहा सकाळचा चहा तुमच्या घरी. नाही म्हनू नका."

मी नाही कशी म्हणणार? पण फोन ठेवला आणि घाबरले. मुलीची सासू रोज सकाळी घरी येणार. मी कपबशांचा चांगला संच काढला, दिवाणखान्यातले अभ्रे बदलले, सकाळी उठून नेसती साडी बदलून बसले. फाटकाचा आवाज आला. मग पुष्कळ वेळ काहीच आवाज आला नाही. मी दार उघडून खाली पाहिलं. तुम्ही पहिल्या मजल्यावर, देशकरांच्या दाराशी ठेवलेल्या स्टुलावर बसला होतात, कठडा दोन्ही हातांनी धरून. तोवर तुमचं वजन पुष्कळ उतरलं होतं, शोभाताई, पण जिन्याची भीती काही उतरली नव्हती. मी चपला सरकवून निघाले, तर तुम्ही हात वर केलात.

"खाली येऊ नका. तुमी खाली आल्या तं मी वर कायले येऊ?"

मी वरच थांबले. तुम्ही एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आलात. उंबऱ्याशी उभं राहून श्वास घेतलात आणि आत यायच्या आधीच बोललात.

"पुरनपोळीच्या दिवशी मी गाडीत बसून राहिली होती ना, मले जिना चढताच येत नव्हता. इतक्या लोकायसमोर पायरीपायरीवर बसत कशी येऊ?"

"मग सांगायचं ना, ताई."

"नव्या इहिनीले काय सांगू? मी लठ्ठ हाव म्हनून जेवाले येत नाही, असं सांगू?"

"मला वाटलं, तुम्ही मान दाखवताय."

मग असं हसू फुटलं तुम्हाला की मिळवलेला सगळा श्वास पुन्हा गेला आणि तुम्ही दारातच बसलात. "मान? बाप्पा, मले तं मान वर करून तुमची खिडकीबी पाहता येत नव्हती." मीही तुमच्या शेजारी खाली बसले. चांगला कपबशीचा संच तसाच राहिला. पहिला चहा आपण उंबऱ्यावर बसून प्यालो, तुमचा अर्धा कप, बिनसाखरेचा.

त्यानंतर तुम्ही येतच राहिलात. आधी मी साडी बदलायचं सोडलं, मग अभ्रे, मग एके सकाळी मी गाऊनवर दार उघडलं आणि तुम्ही म्हणालात, "आता झालो आपन सोयरे." बिनसाखरेचा चहा मीही प्यायला लागले, कारण दोन भांडी कोण घासणार. पल्लवीनं तुम्हाला सांगितलं होतं, एखादा दिवस चुकला तर चुकू द्या, लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही. ते तुम्ही इतकं मनावर घेतलंत की घरी पाहुणे असले, तब्येत नरम असली, तरी निखिलच्या स्कूटरवर फाटकापर्यंत येऊन जिना चढून जायचात. "आज चालनं नाही झालं, चढनं झालं," एवढं सांगून, उभ्या उभ्या चहा पिऊन खाली. मे महिन्यात आपल्याकडे सकाळीच भिंती तापलेल्या असतात, तेव्हा तुम्ही उजाडायच्या आत येऊ लागलात आणि मला दार उघडायला उठवू लागलात. मी कुरकुर केली. तुम्ही म्हणालात, "तुमी झोपा ना, फकस्त गॅस पेटवून झोपा."

काही महिन्यांनी देशकरांनी ते स्टूल आत नेलं. त्यांना आता ते दाराशी लागत नव्हतं, एवढंच. पण तुम्ही पहिल्या मजल्यावर थांबून रिकाम्या जागेकडे पाहिलंत आणि वर येऊन मला सांगितलंत, "आज मले समजलं, मी कितीतरी दिवस झाले तिथं बसलीच नाही."

काट्याची गोष्टही त्याच सुमाराची. घरातला वजनकाटा तुम्ही रोज सकाळी पलंगाखालून ओढून काढायचात, आणि तो जे सांगेल त्यावर तुमचा दिवस ठरायचा. एके दिवशी तुम्ही तो भंगारवाल्याला देऊन टाकलात. रश्मी वैतागली. "आई, तो चांगला होता हो." तुम्ही म्हणालात, "चांगला होता, पन लय बोले." दवाखान्यात मात्र नेमानं जाऊ लागलात, रक्त तपासायला, गोळ्या विचारायला, आणि वजन तिथेच होऊ लागलं. थोडं वर, थोडं खाली. डॉक्टरांनी विचारलं, व्यायामाचं कसं चाललंय, तर म्हणे तुम्ही त्यांना सांगितलंत, "व्यायाम नाही करत जी. माह्या इहिनीकडे चहाले जातो."

आपला एक वाद अर्धाच राहिला. आमच्या सोसायटीत लिफ्ट बसवायचं चाललंय आणि तुम्ही, ज्यांचं या सोसायटीत घर नाही की सभासदत्व नाही, त्या लिफ्टच्या विरोधात बायकांना फितवत होतात. मी म्हटलं, ताई, उद्या कुणाकडे पूर्वीच्या तुमच्यासारखी पाहुणी आली तर तिनंही गाडीतच बसून जेवायचं का? तुम्ही कप खाली ठेवलात. "हाव, हे खरं आहे," म्हणालात. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवीन मुद्दा घेऊन आलात, की लिफ्ट असावी पण तिचं बटन तिसऱ्या मजल्यावर ठेवावं. मी अजूनही लिफ्टच्या बाजूनं आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहून ठेवते.

हळूहळू बिल्डिंगमधल्या बायका तुम्हाला माझ्याआधी ओळखायला लागल्या. पल्लवीनं सांगितलं होतं की नुसतं चालणं पुरत नाही, ऑपरेशननंतर अंगात बळ राहायचं तर वजनही उचलायला हवं. तुम्ही पाण्याच्या बाटल्या भरून गच्चीवर नेल्या. आधी आपण दोघीच होतो, म्हणजे तुम्ही उचलत होतात आणि मी पापडांवर लक्ष ठेवत होते. मग देशकरवहिनी आल्या, मग वरच्या मजल्यावरची नवी सून. बाकीच्या जणी बाटल्या उचलत असताना माझं पापडांकडे बघणं मलाच विचित्र वाटायला लागलं आणि मीही एक उचलली.

पण तुमच्या सगळ्या गोष्टींतली माझी लाडकी गोष्ट रोवणीची.

गेल्या वर्षी आषाढात माझ्या भावाचा कुहीहून फोन आला, धानाची रोवणी सुरू झाली, या. मी दरवर्षी जाते, बांधावर बसते, बायकांचं रोवणं पाहते, आणि संध्याकाळी परत येते. तुम्ही चहा पिता पिता ऐकलंत आणि म्हणालात, "मी कधी धान लावताना पाह्यलाच नाही. मलेबी न्या." गेलो. माझ्या वहिनीनं विहीणबाई म्हणून बांधावर खुर्ची मांडली, वर छत्री धरायला बाई उभी केली. तुम्ही खुर्चीकडे पाहिलंत.

"खुर्ची कायले? बसाले तं माह्या घरीबी खुर्ची होती."

आणि साडीचा काचा मारून तुम्ही धानाच्या वाफ्यात, बांधीत उतरलात. गुडघाभर चिखल. पहिल्या पावलालाच पाय रुतला आणि तुम्ही हात पसरून झुलायला लागलात. रोवणाऱ्या बायकांची ओळ थांबली. शेवटच्या बाईनं तुम्हाला जागा दिली, हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी दिली, दोन-चार रोपं चिमटीत कशी धरायची, चिखलात कशी खोचायची ते दाखवलं. ओळ मागे मागे सरकते, पाठ सरळ करायची सोय नाही. तुम्ही लावलेली रोपं पाण्यावर तरंगून वर येत आणि ती बाई बिनबोभाट पुन्हा खोचायची. थोड्या वेळानं तुमची रोपं उभी राहू लागली. बायका गाणं म्हणत होत्या. तुम्हाला शब्द येत नव्हते, तरी तुम्ही शेवटचा सूर धरायचात आणि तो सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लांबवायचात.

मग तुम्ही पडलात. पाय मागे टाकताना तोल गेला आणि तुम्ही चिखलात बसलात, चांगल्या कमरेपर्यंत. बायका धावल्या, मी बांधावर ताडकन उठले, माझा भाऊ ओरडला. तुम्ही दोन्ही हात वर केलेत.

"कोनी हात देऊ नका. मले उठता येते."

त्या बायकांना त्यात काही वाटलं नसेल. मला माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही न्हाणीघरात पडला होतात आणि तुम्हाला उचलायला दुकानातली दोन माणसं बोलवावी लागली होती. त्या दिवशी तुम्ही ऑपरेशन ठरवलंत, हे तुम्ही मला एकटीला सांगितलं होतं. आता तुम्ही एक गुडघा वळवलात, तळवा चिखलात रोवलात, दुसरा पाय खाली घेतलात आणि उभ्या राहिलात. साडीवरून चिखल ओघळत होता. सगळी ओळ हसली. सर्वांत मोठ्यानं तुम्ही.

दुपारी बांधावर भाकरी खाताना, म्हणजे तुम्ही चतकोर खाताना, तुम्ही पाय पाण्यात सोडून बसला होतात. म्हणालात, "माह्या बाबाचे पाय दिवसभर मागाच्या खड्ड्यात नाचत राहे. मी लहानपनी त्यायच्यासोबत खड्ड्यात उतरून पाय चालवो. लगन झालं अन् माह्ये पाय खुर्चीखाली गेले." मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच: "नलू, तू काहून बसून राहिली वं? उतर ना."

त्या दिवशी मी उतरले. माझ्याच माहेरच्या चिखलात, कितीतरी वर्षांनी. पण तुम्हाला शोभा म्हणायला, तू म्हणायला, जीभ काही वळली नाही. तुम्ही नंतर पुष्कळदा चिडवलंत, की शाळेची मास्तरीण हात जोडूनच बोलणार. खरं आहे. हेही बघा, तुम्ही तुम्ही करूनच लिहितेय.

आणखी एक सांगायचं राहिलं. लग्नानंतर रश्मी आपल्या गोष्टी तुम्हाला आधी सांगायला लागली होती. नोकरी सोडायचा विचार, दिवस गेल्याची बातमी, निखिलशी झालेला अबोला. एकाच घरात राहत होतात तुम्ही, ते साहजिक होतं, पण मला लागायचं. तुम्हाला ते न सांगता कळलं. चहा पिताना तुम्ही हळूच बातमी सांगायचात आणि वर बजावायचात, "तिनं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकून राहिल्या असं दाखवा हो." मी तसं दाखवायचे. मला शेवटी कळलं असं तुम्ही मला कधी वाटू दिलं नाही. माझी मुलगी दोन आयांची झाली आणि मी तुम्हाला याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही, म्हणून. चहा जास्त चांगला करायचे, एवढंच.

तुम्ही गेलात ते फार पटकन. सकाळी वेणी घालताना डोकं दुखतंय म्हणालात, मनोहररावांना पाणी मागितलंत, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशनशी, वजनाशी याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस आम्ही बाहेर बसून होतो आणि मग बसायचं कारण उरलं नाही. तुमचं डोकं दुखलं त्या सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. बराच वेळ उकळत राहिलं.

तेरवीला सगळी माणसं बसलेली होती. तुमच्या चुलतजाऊबाई, मनानं वाईट नाहीत, पण तोंडात येईल ते बोलतात. त्या म्हणाल्या, "एवढं ऑपरेशन केलं, एवढं चालली, जीव मारून खाल्लं नाही. शेवटी काय झालं?"

निखिल खाली बघत होता. मनोहरराव कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले,

"वहिनी, काय झालं ते मी सांगतो. मी रोज सकाळी तिच्या पायात चप्पल घालून देत होतो. एक दिवस मी चप्पल घेऊन आलो, तं दाराशी कोनीच नाही. मी घाबरलो. घरभर पाह्यलं, मोहल्ल्यात पाह्यलं. अन् थोड्या वेळानं ते समोरून येऊन राहिली होती, एकटी, रस्त्यावरून, भाजीची थैली हलवत, फोनवर कोनासंगतरी गोष्टी करत. तिनं मले पाह्यलंच नाही. मी बाजूच्या दुकानाआड उभा राहिलो. मले तिले अजून थोडं तसंच येताना पाह्याचं होतं."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हे मले रोज पाह्याले भेटलं. इतके वर्ष. अजून काय व्हाले पाह्यजे होतं?"

जाऊबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि उठून त्यांना चहा आणून दिला. तुमची सून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

आता आजचं सांगते आणि थांबते.

आज सकाळी गच्चीवर गेले. कुणी येईल असं वाटलं नव्हतं, मलाही आपण कशाला चाललोय ते ठाऊक नव्हतं. पण देशकरवहिनी आलेल्या होत्या, वरची सून होती, आणि रश्मी गणेशनगरहून पायी आली होती, सुजलेल्या डोळ्यांनी. सगळ्यांनी बाटल्या उचलल्या आणि मग प्रश्न पडला, मोजणार कोण. ते तुमचं काम होतं. आणि तुमची मोजणी जगावेगळी होती. पाच, सहा, सात म्हणता म्हणता तुम्ही पुन्हा पाचवर यायचात, कुणी तक्रार केली की म्हणायचात, "मोजून कोन राहिलं, तू का मी?" तुमचे दहा कधी संपायचेच नाहीत.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मास्तरीण, मी मोजले. एक ते दहा, सरळ, न चुकता. दहा झाले. सगळ्यांनी हात खाली घेतले आणि एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. इतक्या लवकर संपलं ते कुणालाच बरं वाटलं नाही.

"पुन्हा घ्या," रश्मी म्हणाली.

मी पुन्हा सुरू केलं. पाच. सहा. सात. आणि मग, शोभाताई, मी म्हटलं, पाच.

देशकरवहिनींनी माझ्याकडे चमकून पाहिलं. रश्मीच्या ओठांचा कोपरा हलला. मी मोजत राहिले. सहा. सात. सहा. सात. पाच. हात भरून आले, तरी कुणी खाली घेईना, आणि सगळ्या जणी, बाटल्या डोक्यावर धरून, हसायला लागल्या.